साथ आली की माणूस पुढे येतो की लपतो? सरकारांची तुलना करायची तर इथून करू या

उजनीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार सोलापूरकर मंडळी.

कोविडमध्ये कुठल्या देशानं चांगलं काम केलं यावर इथे आधीही वाद झालेत. तुलना बहुतेक दोनच गोष्टींवर येऊन थांबते: लॉकडाउन किती कडक होता आणि लाखामागे माणसं किती गेली. मला हे अपुरं वाटतं. मृत्यू मोजायची पद्धत प्रत्येक देशाची वेगळी, म्हाताऱ्या माणसांचं प्रमाण वेगळं, आणि बेटावरच्या देशाची आणि आपली बरोबरी कशी करणार?

मी वेगळ्या बाजूनं बघतो. ताप आलेला माणूस स्वतःहून पुढे आला की घरात दडून बसला? सरकारच्या वागण्यानं तो पुढे आला असेल तर ते सरकार साथ हाताळायला लायक. लपला असेल, तर बाकी सगळी कडक शिस्त वाया.

आपल्याच राज्यातला दाखला घ्या. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. त्याच वर्षी ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावानं ऑर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला, कारण तिथे नेलेला माणूस परत येत नाही अशी लोकांची खात्री झाली होती. पुढच्या फेब्रुवारीत इंग्रजांनी साथरोग कायदा केला. पुण्यात रँड आला. गोरे सैनिक घरात शिरायचे, देवघरापर्यंत जायचे, बायकामाणसांची रस्त्यावर तपासणी व्हायची, सामान जाळायचे. लोकांनी काय केलं? आजारी माणसं लपवली, प्रेतं लपवली. २२ जून १८९७ ला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, हे आपण शाळेत शिकतो. पण त्या सक्तीनं प्लेग थांबला नाही, हे तेवढं शिकवलं जात नाही. पुढे कितीतरी वर्षं तो महाराष्ट्रात येत राहिला.

त्याच वर्षी, त्याच पुण्याजवळ, सावित्रीबाई फुले आणि त्यांचा मुलगा यशवंत हडपसरजवळच्या माळरानावर रुग्णांची शुश्रूषा करत होते. तिथे लोक येत होते. १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई प्लेगनंच गेल्या. सरकारी दहशतीनं दारं बंद होत असताना त्यांच्याकडे लोक रुग्ण का आणत होते, ह्यावर जरा थांबून विचार करा.

आता परदेशातलं. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला. २८ हजारांवर लोकांना लागण झाली, ११ हजारांवर गेले. लायबेरियाच्या सरकारनं ऑगस्टमध्ये मोनरोव्हियातली वेस्ट पॉइंट ही अख्खी झोपडपट्टी सैन्य लावून बंद केली. हजारो माणसं आत, अन्नाचे भाव चढलेले. दंगल झाली, सैनिकांच्या गोळीनं एक कोवळा मुलगा गेला. दहा दिवसांत वेढा उठवावा लागला.

त्याच उन्हाळ्यात नायजेरियात लागोससारख्या अफाट शहरात विमानानं इबोलाचा रुग्ण उतरला. तिथल्या डॉक्टर स्टेला अदादेव्हो यांनी दबाव झुगारून त्याला रुग्णालयातून जाऊ दिलं नाही. त्यांना स्वतःला लागण झाली आणि त्या गेल्या. पोलिओसाठी उभी केलेली यंत्रणा सरकारनं तातडीनं इबोलाकडे वळवली. संपर्कातले सुमारे ९०० लोक शोधले, त्यांच्या घरी मिळून १८,५०० भेटी दिल्या. २० रुग्ण, ८ मृत्यू, आणि ऑक्टोबरमध्ये देश इबोलामुक्त जाहीर झाला. बंदूक नाही, दारावरची थाप.

आपल्या सोलापूरचं काय? शहरातला पहिला कोविड रुग्ण एप्रिल २०२० मध्ये कळला तोच मृत्यूनंतर. नंतरच्या महिन्यांत आपला मृत्युदर राज्याच्या सरासरीपेक्षा बराच वर होता. माझ्या मते माणसं उशिरा आली. का आली नाहीत, हे ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी लिहावं.

साखरपेठकर

लिहितो. माझी आई आयुष्यभर विड्या वळते. आमच्या पूर्व भागात घराघरात हेच. मजुरी हजारी, म्हणजे हजार विड्यांमागे. पानतंबाखू आणायची, वळायची, कारखान्यावर नेऊन द्यायची, मग पैसे. ज्या दिवशी वळलं नाही त्या दिवशी शून्य.

२०२० ला कारखाने बंद झाले. जनधनच्या खात्यात तीन महिने ५०० रुपये आले, रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळालं. नाकारत नाही, त्यानं चूल पेटली. पण तेलाला, गॅसला, भाड्याला काय? पुढे कारखाने सुरू झाले आणि आमच्या शेजारच्या अक्काला ताप आला. ती कुणाला बोलली नाही. तपासणी केली असती तर ती आत, घरातली सगळी अलगीकरणात, गल्ली पत्रे ठोकून बंद. गल्लीतल्या बाकीच्यांची मजुरीही गेली असती, आणि ते लोक नंतर तोंड बघायला तयार नसते. तिनं पॅरासिटामॉल खाऊन विड्या वळल्या. श्वास लागला तेव्हा नेलं. परत आली नाही.

तिला कुणी अडाणी म्हणू नये. तिनं हिशोब केला होता आणि तिच्या बाजूनं तो बरोबर होता.

वॉर्डातली_सिस्टर

साखरपेठकर दादा, तुमची अक्का मी पाहिली नसेल, पण तिच्यासारख्या खूप पाहिल्या. बोटाला ऑक्सिमीटर लावला की ऐंशीच्या खाली. विचारलं, कधीपासून? "कालपासूनच थोडं." नातेवाइकाला बाजूला घेऊन विचारलं की कळायचं, आठवडा झालाय.

उजनीकाठ, तुमच्या यादीत एक भीती राहिली. प्रेत मिळणार नाही, ही. लोक मरणाइतकेच त्याला घाबरायचे. आम्ही पिशवीत गुंडाळून द्यायचो, लांबून दाखवायचो. अंघोळ नाही, तोंडात पाणी नाही, खांदा नाही. आमच्याकडे मनुष्यबळ नव्हतं, सूचनाही रोज बदलायच्या.

इबोलाचं वाचलं तेव्हा मला हे पटलं. तिथेही आधी मृतदेह परस्पर नेऊन जाळायला लागले तेव्हा लोक रात्री गुपचूप पुरायला लागले. मग नियम बदलले: घरच्यांना थोड्या अंतरावरून हजर राहू द्यायचं, प्रार्थना होऊ द्यायची, कबर कुठे आहे ते सांगायचं. त्यानंतर लोक स्वतःहून कळवायला लागले. पुढच्या साथीत हे पहिल्या दिवसापासून व्हायला हवं. त्याला पैसाही लागत नाही.

विजापूरवेस

मला हा सूर पूर्ण मान्य नाही. माझे एमआयडीसीत यंत्रमाग आहेत. चादर-टॉवेलचा धंदा महिनोन्‌महिने बंद राहिला, कामगार तेलंगणात गावी निघून गेले. तरी सांगतो, कडकपणा लागतोच. न्यूझीलंड बघा. २३ मार्च २०२० ला देशात १०२ रुग्ण होते तेव्हाच बंद जाहीर केला, दोन दिवसांत सगळं कुलूप. ८ जूनला देश मोकळा. व्हिएतनामनं त्याच्याही आधी, फेब्रुवारीत, हनोईजवळची सोन लोई ही दहा हजार वस्तीची गावं २० दिवस बंद केली. चीनला लागून सीमा, गरीब देश, आणि तरी ते पूर्ण वर्ष सांभाळलं. माणसाच्या भावनेची वाट बघत बसले असते तर?

आपल्याकडे अर्धवट झालं. जुलै २०२० मध्ये शहरात पुन्हा दहा दिवसांचं लॉकडाउन झालं. त्याच्या आदल्या दिवशी बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. असं बंद करून काय उपयोग?

उजनीकाठ (धागाकर्ता)

विजापूरवेस साहेब, मी कडकपणाच्या विरोधात नाहीच. तुम्ही दिलेले दोन्ही दाखले बघा.

न्यूझीलंडनं पगाराच्या मदतीची योजना १७ मार्चला जाहीर केली, बंद त्याच्या नंतर. पूर्णवेळ कामगारामागे आठवड्याला ५८५ न्यूझीलंड डॉलरच्या वर, मालकाच्या हातात, बारा आठवड्यांचे एकदम. आधी पोटाचं सांगितलं, मग घरात बसा म्हणाले. दररोज दुपारी एक वाजता पंतप्रधान आर्डर्न किंवा आरोग्य महासंचालक ब्लूमफिल्ड समोर येऊन आज काय कळलं, काय कळलेलं नाही ते सांगायचे. सोन लोईतल्या लोकांना सरकारकडून जेवणाचा भत्ता होता.

आपल्याकडे २४ मार्चला रात्री आठला भाषण, बाराला देश बंद. चार तास. तुमचे कामगार तेलंगणात कसे पोचले असतील? श्रमिक गाड्या सुरू व्हायला १ मे उजाडला. त्यानंतर सातच दिवसांनी औरंगाबादजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. क्रम उलटा झाला, म्हणून माणसं रस्त्यावर आली.

आणि व्हिएतनामचं पुढचंही घ्यायला हवं. २०२१ मध्ये डेल्टा आला तेव्हा हो ची मिन्ह शहरात तीच पद्धत कोलमडली, लसी पुरेशा नव्हत्या, हजारो गेले. पहिल्या लाटेतलं यश दुसऱ्या लाटेला पुरत नाही.

उत्तररेषा

मी मूळची जुळे सोलापूरची, सध्या स्वीडनमध्ये गोटेबोर्गला. इथली कहाणी बाहेर दोनच रंगांत सांगितली जाते: एक तर शूर, नाही तर निष्काळजी. जे पाहिलं ते लिहिते.

मार्च २०२० मध्ये बाकी युरोप बंद होत होता तेव्हा इथे सोळा वर्षांखालच्या मुलांच्या शाळा चालूच राहिल्या, हॉटेलं चालू राहिली, ५० पेक्षा जास्त लोकांच्या कार्यक्रमांना बंदी आली. आमच्या सोसायटीत लोक आपणहून घरी थांबले. पण ते थांबू शकले कारण ११ मार्चपासून सरकारनं आजारपणातल्या पहिल्या दिवसाची पगारकपात रद्द केली. घसा खवखवला तरी घरी बसा, पैसे बुडणार नाहीत. ही बातमी भारतात कुठेच वाचली नाही. सगळी चर्चा इथले मुख्य साथरोगतज्ज्ञ टेगनेल यांच्यावर.

आणि जिथे ही सोय पोचली नाही तिथेच माणसं गेली. वृद्धाश्रमांत तासावर काम करणाऱ्या बायका, बऱ्याच बाहेरच्या देशांतून आलेल्या. एका घरातून दुसऱ्या घरी जायच्या, पुरेसे मास्क नव्हते, न जाऊन परवडत नव्हतं. नंतर नेमलेल्या चौकशी आयोगानं वृद्धांच्या देखभालीतल्या जुन्या उणिवांवर बोट ठेवलं, आणि शेवटच्या अहवालात २०२० च्या सुरुवातीलाच अधिक कडक उपाय करायला हवे होते असंही सांगितलं. संपूर्ण काळाचा हिशोब केला तर स्वीडनमधले जादा मृत्यू युरोपात खालच्या बाजूला येतात, हेही खरं आहे. दोन्ही वाक्यं एकत्र सांगावी लागतात.

साखरपेठकर, तुमच्या आईची हजारी मजुरी आणि इथल्या तासावरच्या बायका यांत मला फार अंतर दिसत नाही.

पंढरीनिवासी

राम कृष्ण हरी. पंढरपूरकर म्हणून वारीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

२०२० ला पायी वारी झाली नाही. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीनं आल्या, मोजक्या वारकऱ्यांबरोबर. १ जुलैच्या एकादशीला गावात संचारबंदी. चंद्रभागेचं वाळवंट मोकळं पाहणं काय असतं ते बाहेरच्याला कळणार नाही. पण वारकऱ्यांनी हे स्वीकारलं. पालखी सोहळ्यांच्या प्रमुखांशी सरकारनं आधी बसून बोलणं केलं होतं, आणि पादुका पंढरीत येतील हा शब्द पाळला. आज्ञा काढून वारी बंद केली असती तर काय झालं असतं?

मग एप्रिल २०२१ आला. दुसरी लाट चढत होती, खाटा मिळत नव्हत्या, आणि आमच्या पंढरपूर-मंगळवेढ्यात विधानसभेची पोटनिवडणूक. १७ एप्रिलला मतदान. त्याआधी प्रचारसभा, सगळ्याच पक्षांच्या. विठोबाला भेटायला बंदी आणि पुढाऱ्याला भेटायला मुभा, हे माझ्या वडिलांच्या पिढीला सहन झालं नाही. त्या दिवसापासून गावात नियमांचं कुणी मनावर घेतलं नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सरकार स्वतः नियम मोडतं तेव्हा नियमाचं वजनच जातं. हरिद्वारचा कुंभही त्याच महिन्यात भरला होता.

बाळीवेस

मी आरोग्य खात्यातून निवृत्त झालो. १९९४ च्या सुरत प्लेगच्या वेळी नोकरीत होतो, म्हणून थोडं.

ऑगस्टात बीड जिल्ह्यात मामला गावात गाठीचा प्लेग दिसला, सप्टेंबरात सुरतला फुप्फुसाचा. सुरतेतून थोड्या दिवसांत लाखो लोक पळाले, त्यांत आपल्या महाराष्ट्रातले यंत्रमाग कामगारही होते. खाजगी डॉक्टरसुद्धा दवाखाने बंद करून गेले. मृत्यू पन्नासच्या आसपास, पण भीतीनं देशाचा व्यापार, विमानं सगळं अडलं. लोक पळाले कारण सरकारकडून पहिले दोन-तीन दिवस कुणी ठामपणे बोललंच नाही.

सुरतचं पुढचं मात्र शिकण्यासारखं. १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. अधिकाऱ्यांना रोज सकाळी रस्त्यावर उतरवलं, कचरा, गटारं, झोपडपट्टीतली पाण्याची सोय, बेकायदा बांधकामं, सगळ्यावर एकदम हात घातला. बड्यांचीही बांधकामं पाडली, म्हणून गरिबांनी साथ दिली. दीड-दोन वर्षांत ते शहर देशातल्या स्वच्छ शहरांत गणलं जायला लागलं.

तुमच्या चर्चेत साथ आल्यानंतरचं सगळं आहे. माझं म्हणणं साथ नसतानाचं. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड. प्रत्येक घरात हौद, पिंप, घागरी भरलेल्या. डेंगीचा डास ह्याच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. आमची मुलं कंटेनर सर्वे करायला जायची, अळ्या दिसल्या की पिंप ओतायला सांगायची, अळ्या मारायचं अबेट औषध टाकायची. बाई म्हणायची, "साहेब, ओतते, पण पुढचं पाणी कधी येणार ते लिहून द्या." काय लिहून देणार? आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, हे सांगायला आम्हालाच लाज वाटायची. उजनीत पाणी असताना ते घरात रोज येत नाही, तोवर डेंगीची साथ दरवर्षी येणार. धूर फवारणीनं फक्त दिसतं की काहीतरी चाललंय.

साखरपेठकर

काका, हे अगदी खरं. हात वीस सेकंद धुवा म्हणायचे तेव्हा आई पाण्याच्या घागरीकडे बघायची.

विजापूरवेस

पाण्याचं पटलं. पण माणूस पुढे यावा म्हणून सरकारनं त्याची ओळख लपवायची का? दक्षिण कोरियानं उलट केलं. रुग्ण कुठे कुठे गेला ते सगळं जाहीर करायचे, म्हणून लोक सावध राहिले.

उजनीकाठ (धागाकर्ता)

कोरियाचं उदाहरण दोन्ही बाजूंनी बोलतं, आणि मला ते सगळ्यात शिकण्याजोगं वाटतं.

२०१५ ला तिथे मर्स हा श्वसनाचा साथरोग आला. सरकारनं सुरुवातीला रुग्णालयांची नावंच दडवली. लोक अजाणता त्याच रुग्णालयांत जात राहिले. १८६ रुग्ण, ३८ मृत्यू, आणि प्रचंड संताप. म्हणून कायदा बदलला: माहिती जाहीर करायची. त्याच बदलात तपासणी किटना तातडीची परवानगी द्यायची वाट तयार झाली, तिचा २०२० ला फार उपयोग झाला.

पण मे २०२० मध्ये सोलच्या इतेवॉन भागातल्या क्लबांतून साथ पसरली. त्यांतले काही समलिंगी लोक जातात असे होते. माध्यमांनी ते छापलं, रुग्णांच्या हालचाली आधीच जाहीर होत होत्या, आणि लोक तपासणीला येईनात. घरी, कामावर कळेल ही भीती. सोल महापालिकेनं लगेच निनावी तपासणी सुरू केली: नाव नको, फक्त फोन नंबर. लोक आले. म्हणजे जागेची माहिती सगळ्यांना द्या, माणसाची नको.

आपल्याकडे तर गृह अलगीकरणाचे शिक्के हातावर मारले, दारावर पाट्या लावल्या. गल्लीनं त्या घराशी बोलणं सोडलं, दूधवाल्यानं दूध टाकणं सोडलं.

तैवानमध्ये १४ दिवस घरी बसणाऱ्याला दिवसाला हजार तैवानी डॉलर मिळायचे. फेब्रुवारी २०२० पासून मास्क आरोग्य विम्याच्या कार्डावर, ठरलेल्या किमतीत, प्रत्येकाला सारखे. २००३ च्या सार्समध्ये तिथेही तैपेईतलं एक रुग्णालय आतल्या हजारभर माणसांसकट अचानक बंद केलं होतं, त्यात डॉक्टर-नर्सही गेले. त्या घावातून ते शिकले. २०२० अखेर तैवानमध्ये कोविडचे मृत्यू ७ होते.

उत्तररेषा

सिंगापूरही जोडा. घरात बसणाऱ्या स्वतंत्र व्यावसायिकाला दिवसाला शंभर सिंगापुरी डॉलर, उत्तम यंत्रणा, सगळीकडे कौतुक. आणि एप्रिल २०२० मध्ये परदेशी मजुरांच्या वसतिगृहांत साथ फुटली. एकेका खोलीत दहा-बारा माणसं. पुढे देशातले बहुतेक रुग्ण तिथलेच निघाले. ज्यांना नियोजनात धरलंच नव्हतं, ते.

वॉर्डातली_सिस्टर

धारावीला मात्र अशी माणसं धरली होती. १ एप्रिलला पहिला रुग्ण, आणि सगळ्यांना वाटलं आता संपलं. पालिकेनं वाट न बघता घरोघर ताप तपासला, स्थानिक खाजगी डॉक्टरांना बरोबर घेतलं, सार्वजनिक शौचालयं दिवसातून अनेकदा धुतली, शाळा-सभागृहांत राहायची, जेवायची सोय केली. आपल्या गल्लीतलेच डॉक्टर दारात आले म्हणून लोकांनी दार उघडलं.

केरळात २०१८ ला निपाह विषाणूच्या साथीतही तसंच. कोळिकोड-मलप्पुरममध्ये सतरा माणसं गेली, त्यांत लिनी नावाची आमच्यासारखीच एक नर्स. संपर्कातल्या घरांपर्यंत किराणा पोचवला, रोज फोन केला. त्याच सरावावर ते २०२० ला उभे राहिले.

आणि आपल्या दारावर थाप मारणाऱ्या कोण? आशा. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'त घरोघर त्याच फिरल्या. जून २०२१ मध्ये त्यांना संप करावा लागला, तेव्हा कुठे महिन्याला हजार रुपये वाढ आणि पाचशे कोविड भत्ता कबूल झाला. नायजेरियाच्या १८,५०० भेटींचं आपण कौतुक करतो. त्या भेटी देणारीला आपल्याकडे नियमित पगार नाही.

विजापूरवेस

सिस्टर, हे मान्य. मग सोलापुरात पुढच्या वेळी नेमकं काय करायचं ते बोलू. मजुरी कोण देणार? मालकानं एकट्यानं द्यायची म्हणाल तर लहान कारखानदार पहिल्याच महिन्यात बसेल. न्यूझीलंडला सरकारनं मालकामार्फत दिली, तसं असेल तर मी पहिला सही करीन.

साखरपेठकर

दादा, सही घेतोच तुमची. माझी मागणी मोठी नाही. तपासणीत आजार निघाला तर जितके दिवस घरी बसवाल तितक्या दिवसांची किमान मजुरी, तीन दिवसांच्या आत खात्यावर. गल्ली बंद केली तर गल्लीतल्या सगळ्यांना. आणि हे साथ यायच्या आधी जाहीर झालेलं असावं. ताप आल्यावर अक्काला ते आधीच ठाऊक पाहिजे. पण कुणाला द्यायचे याची यादी करण्यातच महिना घालवतील.

बाळीवेस

यादी करायची गरज नाही बाळा. विडी कामगारांना कामगार कल्याण विभागाची ओळखपत्रं आहेत, कारखान्यात भविष्य निर्वाह निधीची नोंद आहे, बहुतेकींची बँक खाती आहेत. आमच्या खात्याकडे प्रत्येक आशाची घरांची वही आहे. ही तीन दप्तरं एकत्र केली की तुमच्या पूर्व भागातलं जवळजवळ प्रत्येक घर सापडतं. यंत्रमागवाल्यांचं अवघड आहे, तिथे बऱ्याच कामगारांची नोंदच नाही. विजापूरवेस, सुरुवात तुमच्या शेडपासून करता का?

विजापूरवेस

करतो. माझ्याकडे जे आहेत त्यांची नावं, गाव आणि खातं ह्या आठवड्यात लिहून काढतो. आमच्या रांगेतल्या बाकीच्या कारखानदारांशीही बोलतो. नमुना कसा असावा ते काका तुम्ही सांगा.

बाळीवेस

नाव, वय, सध्याचा पत्ता, मूळ गाव, घरात माणसं किती, खातं कुणाच्या नावावर, आणि शेवटचा रकाना: आजारी पडल्यास कळवायचा घरच्यांचा फोन. तो रकाना आमच्या कुठल्याच फॉर्मवर नव्हता.